झाकणातली भाजी

संशय घेण्याचा मला पगार मिळतो. वाळूजच्या एका कारखान्यात मी मोजमापाची साधनं तपासते. ज्या मायक्रोमीटरनं कारागीर माल मोजतो, तो मायक्रोमीटर स्वतः खरं बोलतो का, हे बघायचं काम आमच्या लॅबचं. वरून चकचकीत, हातात धरायला नीट, पण आत कुठंतरी केसापेक्षा बारीक फरक पडलेला असतो आणि तेवढ्यानं गाडीभर माल परत येतो. एकवीस वर्षं हेच केल्यावर माणूस भाजीवाल्याच्या काट्याकडंही सरळ नजरेनं बघू शकत नाही. शहागंजात मी भाजी घ्यायला थांबले की माझे यजमान चार पावलं पुढं जाऊन उभे राहतात, जणू आमची ओळखच नाही.

कंपनी विकली गेली हे आम्हाला कुणी साहेबानं सांगितलं नाही, पेंटरनं सांगितलं. सकाळी बस गेटात वळली तर दोन माणसं शिडीवर चढून जुन्या नावावर पांढरा रंग फासत होती. आठवड्यानं नव्या मालकांच्या माणसांनी सगळ्यांना शेडमध्ये जमवलं, समोसे वाटले आणि सांगितलं की काहीही बदलणार नाही. मी समोसा खाल्ला नाही. काही बदलणारच नसेल तर समोसे कशाला, एवढा साधा प्रश्न मला पडला होता.

मग गळ्यात घालायची नवी कार्डं आली. कार्डावर कंपनीचं नाव नवीन, पत्त्यात शहराचं नाव नवीन, हुद्दा नवीन. जुना होता तो फक्त फोटो, कारण तो भरतीच्या वेळच्या फायलीतून उचललेला. त्यात मी सव्वीस वर्षांची, लांब वेणीची, आणि फोटोग्राफरवरसुद्धा विश्वास नसलेली. कालपर्यंत मी वरिष्ठ निरीक्षक होते, आता क्वालिटी पार्टनर झाले. घरी सांगितलं तर यजमान म्हणाले, "पार्टनर? मग सातबाऱ्यावर नाव कधी लावतेत तुझं?"

लोकांनी यावर आपापले उपाय काढले. फोन उचलला की जुन्याच कंपनीचं नाव सांगायचं, आधी सवयीनं आणि नंतर मुद्दाम. मशीनवरची माणसं एकमेकांना नव्या हुद्द्यांनी हाका मारायला लागली, "ओ असोसिएट, जरा तो पाना टाका इकडं." जुन्या कंपनीनं कधीतरी दिवाळीला स्टीलचे डबे दिले होते, झाकणावर नाव कोरलेले. हलके म्हणून तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली होती आणि डबे माळ्यावर गेले होते. ते आता एकेक करून कॅन्टीनमध्ये दिसायला लागले. कंपनी होती तेव्हा तिला रोज शिव्या घालणारी माणसंच ते डबे अगदी जपून घासत होती.

पण कार्डाच्या दोऱ्यांनी ही थट्टा बंद पाडली. बहुतेकांच्या कार्डाला करडी दोरी होती, थोड्यांच्या कार्डाला लाल. का, ते कुणी सांगेना. दोन दिवसांत सगळ्या कारखान्यानं ठरवून टाकलं की लाल म्हणजे राहणारे आणि करडे म्हणजे जाणारे. बसमध्ये बसताना लोक आधी गळ्याकडं बघायचे, मग तोंडाकडं. माझी दोरी करडी होती.

जेवायला आम्ही चौघं एकत्र बसायचो. डिस्पॅचचे काका, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, बातम्यांचं आगर. स्टोअरमधल्या वहिनी, त्यांचे मिस्टर आधी याच कारखान्यात होते म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी. तिसरी मी. आणि चौथी माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणारी, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, बजाजनगरात राहणारी. तिला मी नावानं हाक मारायचे. इथं ते नाव लिहायचा हक्क मला उरलाय असं वाटत नाही, म्हणून नुसतं 'ती' म्हणते.

आमच्या टेबलाचा नियम एकच होता. आपली भाजी आपण खायची नाही. डबा उघडला की भाजी झाकणात काढायची, झाकण मध्ये सरकवायचं आणि दुसऱ्यांच्या झाकणांत हात घालायचा. ती बौद्ध घरातली. आम्ही बाकीचे तिघं गावाकडं शेती असलेल्या घरांतले, जुना तोरा पुरता न उतरलेले. ती नवीन आली तेव्हा कोपऱ्यातल्या टेबलावर एकटीच डबा उघडून बसली होती. मीच हाक मारली होती, "अगं, तिकडं काय बसलीस, झाकण आण इकडं." या गोष्टीला अकरा वर्षं झाली होती आणि मला याचा फार अभिमान होता. पुंडलिकनगरातल्या शेजारणींना मी हे सांगायचे, ते अर्थात त्यांनी मला चांगलं म्हणावं म्हणून. गावाकडं आईला मात्र कधी सांगितलं नव्हतं. बुद्धपौर्णिमेनंतर तिच्याकडून खीर यायची, पोळ्याला माझ्याकडच्या पुरणपोळ्या जायच्या. तिची मेथीची सुकी भाजी काका बोटानं झाकण पुसून खायचे.

नव्या लोकांनी लॅबमध्ये कॅमेरा बसवला. तो आवाजही टिपतो, असं काकांनी सांगितलं. खरं होतं की नाही कोण जाणे, पण तेव्हापासून आम्ही दोघी दिवसभर एका खोलीत असूनही कामापुरतंच बोलायला लागलो. आमची खोली कायम वीस डिग्रीवर ठेवावी लागते, बाराही महिने आम्ही स्वेटर घालून बसतो. त्या थंडीत ती आकडा वाचायची, मी लिहून घ्यायचे, एवढाच आवाज. मनातलं काही असेल तर ते जेवणाच्या टेबलावर.

त्या टेबलावरच काकांनी एक दिवस बातमी टाकली. "लई खलबतं चालू हायत वर. लॅबमधी दोघींची गरज नाय म्हणायलेत. एकच ठिवणार."

मुलीचं इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं आणि या वयात मला दुसरीकडं कोण घेणार होतं? ती मात्र हसली.

"मग ताई ऱ्हातील. त्यांच्याबिगर लॅब चालती का? मी आपली घरी मशीन टाकून ब्लाउज शिवीन."

वहिनीही हसल्या. मी हसले नाही. इतकं सहज कुणी बोलतं का, असं माझ्या मनात आलं. जागा जाणार म्हटल्यावर माणूस घाबरतं, निदान गप्प होतं. हसतं ते, ज्याला काहीतरी आधीच माहीत असतं. आणि तिची दोरी लाल होती.

त्यानंतर मी भाचीच्या लग्नासाठी चार दिवस गावी गेले. परत आले तर वहिनींनी मला स्टोअरच्या दारातच गाठलं. "तुम्ही नव्हत्या तवा तिला वर बोलवलं होतं. तासभर होती साहेबाच्या केबिनीत."

मी लॅबमध्ये गेले. ती नेहमीसारखी मापाचे गेज पुसत बसली होती. लग्न कसं झालं विचारलं, जेवणात काय होतं विचारलं. वर गेल्याचं मात्र काही बोलली नाही. दोन दिवसांनी ती ओढणीखाली काहीतरी जाड धरून जिना चढताना मला दिसली. त्याच आठवड्यात आणखी एकदा. खाली आली तेव्हा मी राहवेना म्हणून विचारलं, "वर काय काम होतं गं?"

तिनं मान वर करून कॅमेऱ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "सांगते. जेवताना."

हे मी आज जसं घडलं तसं लिहिते आहे. तेव्हा मला ते असं दिसलंच नाही. मला फक्त तिची कॅमेऱ्याकडं गेलेली नजर दिसली, आणि ती वरच्या लोकांना विचारून मग मला सांगणार आहे असं वाटलं. संशयाला डोळे भरपूर असतात, पण मान वळवता येत नाही.

जेवायच्या वेळी ती यायच्या आधी मी काकांना सगळं सांगितलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला. ती यायला लागली तसे त्यांनी विषय बदलला, पावसापाण्याचं काढलं. तिनं एकदोनदा माझ्याकडं बघितलं. मी भाकरीकडं बघत राहिले. वहिनी आपल्या सुनेबद्दल बोलत राहिल्या, ते जेवण संपेपर्यंत संपलं नाही. ती उठून हात धुवायला गेली तसे काका म्हणाले, "उद्यापासून सव्वाबाराला बसू. तिच्यासमोर बोलनं बरं नाय आता." वहिनींनी मान हलवली. मी हो म्हटलं नाही. नाही असंही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी सव्वाबाराला मी डबा घेऊन कॅन्टीनमध्ये हजर होते.

साडेबाराला ती आली. आमची झाकणं धुऊन टेबलावर पालथी घातलेली होती.

"आज लवकर?" तिनं विचारलं.

"नवीन टायमिंग आलंय," वहिनी म्हणाल्या.

ती बसली. डबा उघडला, सवयीनं भाजी झाकणात काढली आणि झाकण मध्ये सरकवायला हात पुढं केला. मध्ये कुणाचंच झाकण नव्हतं. तिचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिनं झाकणातली भाजी परत डब्यात ओतली आणि खाली मान घालून जेवायला लागली. काका दात कोरत खिडकीबाहेर बघत होते. मला तिथून उठावंसं वाटलं, आणि मी उठलेसुद्धा, पाणी प्यायला.

तीन दिवस असं झालं. चौथ्या दिवशी ती कॅन्टीनमध्ये आलीच नाही. लॅबच्या बाहेर चपला काढायची जागा आहे, तिथल्या स्टुलावर बसून तिनं डबा खाल्ला, आणि पुढं रोजच खायला लागली. मला खरं सांगायचं तर बरं वाटलं. मनात चोर असलेलं माणूस असंच आपण होऊन बाजूला होतं, असा मी त्याचा अर्थ लावला. आमच्या टेबलावर आता मोकळेपणानं बोलता येत होतं. तीन झाकणांत आम्ही तिघं जेवायचो आणि तिच्याबद्दल बोलायचो.

त्यात तो फॉर्म आला. प्रत्येकानं आपण नक्की काय काम करतो ते आपल्या शब्दांत एका पानावर लिहून द्यायचं. कुठलं पद राहील आणि कुठलं जाईल, ते त्यावरून ठरणार होतं.

आमच्या लॅबमध्ये याचाही एक रिवाज होता. दरवर्षी कामाचा आढावा लिहून द्यावा लागे तेव्हा आम्ही एकमेकींचा लिहायचो. आपल्या तोंडानं आपली स्तुती करायला दोघींनाही जड जायचं, आणि दुसरीनं लिहिलं की कसं भरभरून लिहिता यायचं. ती माझा लिहायची, मी तिचा. त्यावरून एकमेकींची थट्टा करायचो, "एवढी हुशार असते तर इथं कशाला असते मी?" खाली सही फक्त जिची तिनं करायची.

मला वाटलं होतं, या वर्षी ती विचारणार नाही. पण एका सकाळी तिनं दोन कागद माझ्या टेबलावर ठेवले. एक माझा, तिनं लिहून पूर्ण केलेला. दुसरा तिचा, कोरा. कोऱ्या कागदाच्या तळाशी तिनं आधीच सही करून ठेवली होती.

"ताई, तुमचं लिहून ठिवलंय. माझं तेवढं बघा," ती म्हणाली आणि मास्टर गेजच्या कपाटाकडं वळली.

मी माझा कागद वाचला. त्यात मी केलेलं सगळं होतं, मी विसरलेलंसुद्धा. नवीन मुलांना मायक्रोमीटर धरायला मी शिकवते, हे होतं. संगणक बंद पडला तेव्हा मी हातानं रजिस्टर चालू ठेवलं, हे होतं. शेवटी तिनं आपल्या नावानं लिहिलं होतं की या लॅबमधलं मला येतं ते सगळं मी यांच्याकडून शिकले आहे. आणि मी काय केलं? मी तो कागद उजेडात धरून दोनदा वाचला, यात फसवण्यासारखं कुठं काही घातलंय का ते शोधायला. एकेक वाक्य गेजसारखं तपासलं. सापडलं नाही, तेव्हा मला आणखीच संशय आला. एवढं गोड लिहायचं कारण काय? मला वाटलं, ही आपली जागा पक्की करून बसली आहे, म्हणून आता उदार व्हायला हिचं काय जातंय.

मग मी तिचा लिहिला. तीन ओळी लिहिल्या. साधनांची नोंद ठेवते, ठरलेल्या वेळी तपासणी करते, लॅबची स्वच्छता राखते. त्यात खोटं एकही अक्षर नव्हतं, हे मी स्वतःला तेव्हाही बजावलं आणि नंतरही पुष्कळदा. पण मी काय गाळलं ते मला माहीत होतं. एकदा बाहेरून तपासून आलेला मास्टर गेजच, ज्यावर आम्ही बाकीची साधनं ताडून बघतो तो, चुकीचा आहे, हे सगळे कागद बरोबर असताना तिनं ओळखलं होतं. मी तिला वेड्यात काढलं होतं. ती अडून बसली, गेज परत पाठवायला लावला आणि खरंच तो चुकीचा निघाला. त्या गेजच्या भरवशावर माल तसाच गेला असता तर आम्ही दोघीही तेव्हाच घरी बसलो असतो. ते मी लिहिलं नाही. तिची सही खाली होती आणि माझ्या तीन ओळी आणि तिच्या सहीच्या मध्ये पानभर कोरी जागा होती. मी दोन्ही कागद एका पाकिटात घालून वर पाठवले. मी काय लिहिलं ते तिनं वाचायला मागितलं नाही. याआधीही कधी मागितलं नव्हतं.

पावसाळा संपता संपता पत्रं आली. लॅबमध्ये एकच पद राहिलं आणि ते मला मिळालं. तिला नवी भूमिका मिळाली, त्या भूमिकेचं नाव इतकं लांबलचक होतं की एका दमात वाचता येत नव्हतं. काम होतं पॅकिंगच्या शेडमध्ये उभं राहून खोक्यांवर स्टिकर बरोबर लागलाय का ते बघायचं, तिन्ही पाळ्यांत. तिनं स्वेटर पिशवीत भरला, मला म्हणाली, "येते ताई," आणि गेली. लाल दोरीचं कार्ड गळ्यात तसंच होतं. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली, आणि ती तिच्याबद्दलची नव्हती. लाल म्हणजे राहणारे, असं आम्हीच ठरवलं होतं ना? मग मी ती शंका दाबून टाकली. चुगली करणाऱ्यालाही काम झालं की फेकून देतात, असं काका म्हणाले, आणि मला ते लगेच पटलं. पटवून घ्यायला मी तयारच बसले होते. दिवाळीच्या आधी तिनं नोकरी सोडली.

पुढं तीनचार महिन्यांनी नवे साहेब पाहुण्यांना लॅब दाखवायला घेऊन आले. पाहुणे कपाटं बघत होते, तेव्हा साहेब माझ्याजवळ उभे राहून हिंदी-मराठीत बोलायला लागले. ही लॅब आम्ही बंदच करणार होतो, म्हणाले. साधनं तपासायचं काम बाहेरच्या एजन्सीला द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. तुमच्याबरोबरच्या मॅडम होत्या ना, त्यांनी वाचवली. तुम्ही रजेवर होता, म्हणून फोन त्यांनी उचलला. जुनी रजिस्टरं घेऊन तीनदा वर आल्या. तुमचं अक्षर आम्हाला लागत नव्हतं, तर पानंच्या पानं वाचून दाखवली आणि कुठल्या वर्षी कुठली चूक या लॅबमुळं सापडली ते समजावून सांगितलं. ठरेपर्यंत कुणाला बोलू नका असं मी त्यांना सांगितलं होतं, तर म्हणाल्या, ताईंना सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

"मग त्यांना का नाही ठेवलं?" मी विचारलं.

एकच पद मंजूर झालं, म्हणाले. शेवटी कागदावर जे असतं त्यावर जावं लागतं. तुमचा फॉर्म फार चांगला होता.

मी दोरीचंही विचारून टाकलं. ते हसले. लाल दोऱ्यांचा एक गठ्ठा आला होता, तो संपला, मग दुकानदारानं करड्या दिल्या.

त्या दिवशी मी एकही साधन तपासलं नाही. वीस डिग्रीत मला घाम फुटला होता. लाज वाटते असं आपण सहज म्हणतो, पण खरी लाज वाटते तेव्हा आपले हात कुठं ठेवावेत तेच कळत नाही. ओढणीखालचं ते जाड काहीतरी म्हणजे माझीच रजिस्टरं होती. माझ्याच गिचमिड अक्षरातली.

पुढच्या रविवारी मी बजाजनगरला गेले. घर आधी पाहिलेलं होतं. मला दारात बघून ती म्हणाली, "या, ताई." खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. जवळच्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये तपासणीचं काम लागलंय, म्हणाली. मालक बरा आहे, पण साधनं सगळी खिळखिळी आहेत. चहा टाकायला ती आत गेली तेव्हा मी काय बोलायचं ते पुन्हा एकदा मनात म्हणून घेतलं. मी बसमध्ये सगळं नीट जुळवून आणलं होतं. सगळं खरं सांगायचं, फॉर्मचंसुद्धा, काही लपवायचं नाही. चूक कबूल केली की निम्मं ओझं उतरतं, असं मला वाटत होतं.

चहा आला. मी सांगितलं. तू वर जायचीस म्हणून आम्हाला वाटलं की तू आमचं बोलणं साहेबाला सांगतेस. म्हणून आम्ही लवकर जेवायला लागलो. म्हणून मी तुझ्या फॉर्मवर तीन ओळी लिहिल्या. साहेबानं मला सगळं सांगितलं, मी चुकले, मला माफ कर.

फॉर्मबद्दल तिनं काहीच विचारलं नाही, जणू ते तिला आधीच कळलेलं होतं. मग म्हणाली, "चुगली? चुगलीसाठी डबा हलवला तुम्ही?"

"हो."

"मला ते ध्यानातच आलं नाय." ती कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मला वाटलं, अकरा वर्षांनी का हुईना, तुम्हाला आठवलं. मी कोण हाय ते. मालक बदलले, पाटी बदलली, आता ज्याचं त्यानं आपापल्या जागी बसायचं, तसं काहीतरी. घरी मी हेच सांगितलं सगळ्यांना."

मी खुर्चीतून जवळजवळ उठलेच. "अगं नाही, शप्पथ. ते कधीच मनात नव्हतं. आईशप्पथ सांगते, फक्त संशय होता." आणि हे म्हणताना मला खरंच हायसं वाटलं. आपला गुन्हा तिला वाटला त्यापेक्षा लहान निघाला, असं वाटलं. संशय काय, कुणाचाही कुणावर येतो. वेळच तशी होती. मी तिचा हात धरला, तिनं तो सोडवून घेतला नाही.

"ताई," ती म्हणाली, "काका रोज अकराला वर जायचे. डिस्पॅचचे कागद घिऊन. साहेबासंगं चहा पिऊन मग खाली यायचे. तुमच्या सगळ्या बातम्या तिथनंच यायच्या की. रोज जायचे. मी तीनदा गेले."

हे खरं होतं. काका रोज जायचे, सगळ्यांच्या देखत, आणि खाली आले की आम्ही त्यांच्या तोंडाकडं बघत बसायचो. मला ते तेव्हाही माहीत होतं. इथपर्यंत मी एवढं सगळं लिहिलं, त्यातही ते कुठं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नाही. सांगावं असं काही त्यात आहे, हेच मला कधी वाटलं नव्हतं.

"त्यांच्यावर नाय आला संशय?" तिनं विचारलं. आवाजात राग नव्हता, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखी ती माझ्याकडं बघत होती.

"काकांचं वेगळं," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली आणि कपबशा उचलल्या. "मला बी तेच वाटलं होतं."